साक्षींचे पाठभेद : ३० जानेवारी १९४८ च्या आठवणी कशा तोलाव्यात?

आमचे गाव तेरखेडा. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे रस्त्यावरचे हे गाव जिल्ह्याबाहेर ओळखले जाते ते फटाक्यांसाठी. शोभेच्या दारूचे काम येथे अनेक घरांच्या पोटापाण्याचे साधन आहे. अशा गावात वाढलेल्या माणसाला आवाजाची पारख आपोआप येते, असा आमचाही समज होता. तो एका दुपारी गेला. गावाबाहेर रानात कोठेतरी स्फोट झाला, त्या वेळी आम्ही तिघे एकाच ओट्यावर बसलो होतो. किती आवाज झाले, असा प्रश्न निघाला तेव्हा एकाने दोन सांगितले, दुसऱ्याने चार आणि आम्ही तीन. आवाज कोणत्या दिशेने आला याबद्दलही एकमत होईना. खोटे कोणीच बोलत नव्हते, आणि तिघांनाही आपल्या आकड्याची पक्की खात्री होती. सुदैवाने त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही, म्हणून या मतभेदाची पुढे थट्टा करता आली. एखादा जीव गेला असता आणि आमचे जबाब घेतले गेले असते, तर या तीन आकड्यांपैकी एखाद्यावर कोणाची भरपाई किंवा कोणाची शिक्षा अवलंबून राहिली असती.

इतिहासात असे प्रसंग वारंवार येतात. राष्ट्राच्या मुख्य माणसाची हत्या होते, शेकडो माणसे ती पाहतात किंवा ऐकतात, आणि मग पन्नास-साठ वर्षे ती सांगत राहतात. अमेरिकेत लिंकन आणि केनेडी या राष्ट्राध्यक्षांच्या हत्यांच्या आठवणींवर ग्रंथांचे ढीग आहेत. आपल्याकडे अशा तोलामापाला सर्वांत योग्य घटना म्हणजे गांधीजींची हत्या. गांधीजी कोणत्याही पदावर नव्हते. १९३४ नंतर ते काँग्रेसचे चार आण्याचे सभासददेखील नव्हते. तरीही देशाचा मुख्य माणूस कोण, याविषयी ३० जानेवारी १९४८ रोजी कोणाच्या मनात शंका नसावी. मराठी वाचकाला या घटनेकडे परकेपणाने पाहताही येत नाही. मारणारा पुण्याचा मराठी संपादक होता, त्याचे प्रमुख साथीदार पुण्याचे आणि अहमदनगरचे होते, आणि हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जी घरे जळाली तीही मराठी माणसांचीच होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्या जाळपोळीवरच उभी आहे.

प्रस्तुत लेखात हत्येची कारणमीमांसा करण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न मर्यादित आहे : ज्यांनी ती घटना पाहिली, त्यांच्या परस्परविरोधी आठवणी कशा वाचाव्यात? साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न वाटतो तितका अनोळखी नाही. एकाच ग्रंथाच्या दहा पोथ्यांत दहा पाठ आढळले, तर आपण ग्रंथच खोटा ठरवत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रतींत भेद आहेत म्हणून त्यांनी ज्ञानेश्वरी नाकारली नाही. भेद कसे शिरले असतील याचा विचार केला. साक्षींचेही तसेच करावयास हवे, असे आम्हांस वाटते.

पहिली प्रत आणि तिच्यातील चुका

घटनेचा गाभा सर्व साक्षींत सारखा आहे. शुक्रवारचा दिवस. नवी दिल्लीतील बिर्ला भवन. सायंप्रार्थनेची वेळ पाचची, पण सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबल्याने गांधीजींना उशीर झाला. मनू आणि आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते बाग ओलांडून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले. पायऱ्या चढल्यावर लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. गर्दीतून एक माणूस पुढे आला आणि त्याने अगदी जवळून पिस्तूल झाडले.

या घटनेचा पहिला लेखी पुरावा म्हणजे तुघलक रोड पोलीस ठाण्यात उर्दूत नोंदवलेली फिर्याद. ती देणारे नंदलाल मेहता त्या वेळी गांधीजींच्या सोबत चालत होते. हत्येला तासही उलटला नव्हता. काळाच्या दृष्टीने यापेक्षा ताजी साक्ष मिळणे कठीण. तरीही या फिर्यादीत हल्लेखोराचे नाव ‘नारायण विनायक गोडसे’ असे लिहिले आहे, आणि मनूचे नाव ‘सन्नो’ झाले आहे.

आता येथे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग वकिली आहे : ज्याला मारेकऱ्याचे नावही धड सांगता येत नाही, त्याच्या बाकीच्या विधानांवर विश्वास का ठेवावा? दुसरा मार्ग पाठचिकित्सकाचा. तो विचारतो की ही चूक कोणत्या जातीची आहे. मेहतांनी फिर्यादीतच म्हटले आहे की हे नाव आपणांस मागाहून कळले. म्हणजे नाव त्यांनी पाहिलेले नव्हते, गोंधळात कोणाकडून तरी ऐकलेले होते. ऐकलेले नाव बोलणाऱ्याच्या तोंडून, लिहून घेणाऱ्याच्या कानातून आणि उर्दू लिपीतून कागदावर उतरले. मनूच्या नावाचेही असेच काही झाले असणार. लेखनिकाच्या हातून पोथीत शिरणारा हा नेहमीचा दोष आहे. याउलट जे मेहतांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणजे दोन-तीन फुटांचे अंतर, पिस्तुलाच्या तीन गोळ्या, जागीच पकडला गेलेला माणूस, ते पुढच्या सर्व तपासात टिकले. एकाच साक्षीदाराच्या एकाच जबाबात ऐकीव भाग कच्चा आणि पाहिलेला भाग पक्का निघतो. म्हणून आमचे पहिले सूत्र असे की साक्षीदार तोलू नये, त्याचे एकेक वाक्य तोलावे.

गोळ्या किती?

फिर्यादीत गोळ्या तीन. वैद्यकीय साक्षीतही जखमा तीन, एक छातीत आणि दोन पोटात. नथुराम गोडसेने न्यायालयात गोळ्या झाडल्याचे नाकारले नाही. तरी आकड्याचा वाद संपला नाही. व्हिन्सेंट शीअन हा नामवंत अमेरिकी पत्रकार त्या सायंकाळी बीबीसीच्या रॉबर्ट स्टिमसनसोबत बिर्ला भवनात होता. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने चार दबके स्फोट ऐकल्याचे लिहिले आहे. काही वृत्तपत्रांतही त्या दिवसांत चारचा आकडा छापला गेला. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी ‘चौथी गोळी’ आणि तिच्यामागचा दुसरा मारेकरी शोधावा अशी मागणी घेऊन एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ज्येष्ठ वकिलास कागदपत्रे तपासावयास सांगितले, त्यांनी नव्या तपासाची गरज नसल्याचा अभिप्राय दिला, आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली.

शीअन खोटे लिहीत होता का? तसे म्हणण्यास काहीच आधार नाही. पण तो कोठे होता आणि त्याला काय दिसत होते, हे विचारले पाहिजे. हल्ला त्याच्या डोळ्यांसमोर झाला नाही. त्याने तो ऐकला. आवाज काय आहे हे कळले नाही म्हणून त्याने शेजारी उभ्या असलेल्या स्टिमसनला विचारले, आणि स्टिमसनलाही ते सांगता आले नाही. शीअनचा चार हा आकडा कानाने मोजलेला आहे, डोळ्याने नव्हे. भिंती, बाग आणि गर्दी यांमधून येणारा आवाज किती वेळा घुमतो हे आमच्या गावच्या लोकांना वेगळे सांगावयास नको.

कानाचा हा दुबळेपणा फक्त शीअनचा नाही. त्याच जागी दहा दिवस आधी, २० जानेवारीला, प्रार्थना चालू असताना मदनलाल पाहवाने गनकॉटनचा स्फोट घडवला होता. त्या स्फोटाचे लक्ष्य असलेल्या गांधीजींनी दुसऱ्या दिवशी सांगितले की आपल्याला तो बॉम्ब वाटलाच नाही. जवळपास कोठेतरी लष्कराचा सराव चालला असावा असे वाटले. डॅलसमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तेथील कितीतरी प्रेक्षकांना पहिला आवाज फटाक्याचा वाटला. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९७९ मध्ये १७८ साक्षीदारांच्या जबान्यांचा ताळा केला. त्यांतील १३२ जणांनी नेमके तीन आवाज ऐकले होते. उरलेल्यांचे आकडे तीनच्या खालीही होते आणि वरही. दिशेबाबत तर ७८ जणांना काहीच सांगता येत नव्हते. भर दुपार, उघडा चौक, सर्वांचे लक्ष एकाच गाडीकडे, आणि तरी ही अवस्था.

यावरून दुसरे सूत्र निघते. गर्दीतल्या साक्षींत आकड्यांचा भेद असणे हीच स्वाभाविक गोष्ट आहे. तो भेद दिसला की लगेच दुसरा मारेकरी कल्पिणे म्हणजे पोथीत एक ओवी अधिक सापडली की दुसरा कवी कल्पिण्यासारखे आहे. कधी तसा कवी खरोखरच असतो, पण त्याच्यासाठी ओवीपलीकडचा पुरावा लागतो. चौथ्या गोळीसाठी तसा पुरावा पुढे आला नाही.

शेवटचे शब्द

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. राजघाटावरील समाधीवर ‘हे राम’ ही अक्षरे कोरलेली आहेत. साक्षींत मात्र एकच पाठ नाही. मेहतांच्या फिर्यादीत ‘राम राम’ आहे. मनूच्या आठवणीत ‘हे राम’ आहे. न्यायालयात साक्ष देणाऱ्या गुरबचनसिंग या शीख व्यापाऱ्याच्या कानी ‘हाय राम’ पडले. गर्दीत उभा असलेला अहमदनगरचा विष्णू करकरे शिक्षा भोगून सुटल्यावर सांगत असे की घशातून ‘आह’ असा नुसता आवाज निघाला. मनोहर माळगांवकरांनी आपल्या १९७८ च्या पुस्तकात ही आठवण नोंदवली आहे. गोपाळ गोडसे यांनीही मुलाखतींतून ‘हे राम’ नाकारले. मराठी वाचकांत त्यांच्या म्हणण्याचा प्रसार पुष्कळ आहे, म्हणून एवढे सांगणे भाग आहे की ३० जानेवारीला ते बिर्ला भवनातच काय, दिल्लीतही नव्हते. या बाबतीत ते साक्षीदार नाहीत. त्यांचे म्हणणे दुसऱ्याच्या प्रतीवरून उतरवलेली प्रत आहे.

गांधीजींचे सचिव व्ही. कल्याणम यांचे प्रकरण तर वर्गात शिकवावे असे आहे. ‘गांधीजी हे राम म्हणाले नाहीत असे त्यांचे सचिव सांगतात’ अशी बातमी २००६ मध्ये पसरली आणि बारा वर्षे फिरत राहिली. जानेवारी २०१८ मध्ये कल्याणम यांनी खुलासा केला की आपण तसे म्हटलेच नव्हते; ते शब्द आपल्याला ऐकू आले नाहीत, एवढेच आपण म्हणालो होतो. गोळ्यांचा आवाज, किंचाळ्या आणि धावपळ यांत मागून चालणाऱ्या माणसास पुटपुटलेला शब्द ऐकू न येणे साहजिक आहे. ‘मी ऐकले नाही’ हे स्वतःविषयीचे विधान आहे. ‘ते बोलले नाहीत’ हे दुसऱ्याविषयीचे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही नकारार्थी वाक्येच, परंतु पुरावा म्हणून त्यांची जात निराळी. वार्ताहराने एकाचे दुसरे केले आणि साक्षीदाराच्या तोंडी त्याने न दिलेली साक्ष गेली.

मनूची साक्ष सर्वांत जवळची. गांधीजींचा हात तिच्या खांद्यावर होता. वाट अडवणाऱ्या माणसाला तिने थांबवू पाहिले, त्याने तिला ढकलले, तिच्या हातातली माळ, पीकदाणी आणि वही खाली पडली आणि ती उचलण्यासाठी ती वाकली, तोच गोळ्या सुटल्या. पण याच मनूने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. हत्येच्या आधीच गांधीजी तिला म्हणाले होते की मी रोगाने मेलो तर मला खोटा महात्मा समज, आणि कोणी गोळी घातली असता रामनाम घेत मेलो तरच खरा. या माहितीचे काय करावयाचे? श्रद्धावान म्हणेल की बोलल्याप्रमाणे घडले. संशयी म्हणेल की जिला काय ऐकावयाचे ते आधीच सांगितले होते तिने तेच ऐकले. आमच्या मते दोन्ही बाजू अर्ध्याच आहेत. अपेक्षा कान फसवते हे खरे. परंतु अपेक्षा कान टवकारतेही. ज्याला शब्दाची वाट पाहावयास सांगितली आहे तो तो शब्द कल्पूही शकतो आणि इतरांनी गमावलेला शब्द टिपूही शकतो. केवळ मनूची साक्ष असती तर हा तराजू अधांतरीच राहिला असता.

परंतु मेहतांची साक्ष आहे. ती पाऊण तासाच्या आतली आहे, पोलिसांपुढची आहे, आणि तिच्यात समाधीवरील पाठ नाही. गुरबचनसिंगांचा पाठही समाधीवरचा नाही. पाठचिकित्सेत एक जुना नियम सांगतात : सोपा आणि अवघड असे दोन पाठ असतील तर अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. ‘हाय राम’ हा अवघड पाठ आहे. त्यात वेदना आहे, कण्हणे आहे. तो समाधीवर कोरण्याजोगा नाही. ‘हाय’चे ‘हे’ होणे समजू शकते. ‘हे’चे ‘हाय’ कोणी मुद्दाम का करील? करकरेच्या ‘आह’मध्येही तोच तुटका उच्छ्वास आहे, फक्त पुढचे अक्षर नाही. मरणाऱ्या माणसाच्या ओठांतून निघालेला एक श्वास आणि एक नाम चार जणांनी चार अंतरांवरून ऐकले, असे मानले तर चारही पाठ एका मुळाशी जोडता येतात. रामाचे नाव कोणत्या तरी रूपात उच्चारले गेले, असे आम्हांस अधिक संभाव्य वाटते. नेमके रूप सिद्ध झाले आहे असे मात्र म्हणता येणार नाही. समाधीवरील अक्षरे स्मरण आहेत, त्यांना पुरावा करू नये. आणि ती पुरावा नाहीत म्हणून खोटी आहेत असेही म्हणू नये.

मराठी इतिहासात याचे एक जुने जोडपत्र आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यास मारले. ‘काका, मला वाचवा’ हे त्याचे शब्द आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत आणि ‘ध’ चा ‘मा’ ही म्हण झाली आहे. हे शब्द कोणी ऐकले, तो ऐकणारा जिवंत राहिला का, त्याने ते कोणास आणि केव्हा सांगितले, हे प्रश्न मात्र आपण विचारत नाही. नाट्याला शेवटचे वाक्य लागते, आणि इतिहासाने ते दिले नाही तर लोक ते पुरवतात.

पकडले कोणी?

मानाच्या जागी आठवणी कशा गर्दी करतात याचा नमुना म्हणजे मारेकऱ्यास पकडणाऱ्याचा वाद. स्टिमसनने त्याच सायंकाळी बीबीसीसाठी जे वृत्त दिले त्यात एक तरुण अमेरिकी पुढे धावला आणि त्याने हल्लेखोराचे खांदे धरले असे आहे. हा अमेरिकी वकिलातीतील अधिकारी हर्बर्ट रायनर. त्या वेळच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव ‘टॉम’ छापले गेले, म्हणजे येथेही नावाचा घोळ आहेच. भारतीय वृत्तांतांत हा मान ओडिशाहून आलेल्या बिर्ला भवनातील माळ्यास, रघू नायक यांस दिला जातो. ओडिशा सरकारने २०१६ मध्ये त्यांच्या कुटुंबाचा आर्थिक मदत देऊन गौरव केला. हवाई दलातील एका जवानाचे नावही घेतले जाते. खुद्द गोडसेचे म्हणणे होते की आपण पळण्याचा प्रयत्न केला नाही.

ही विधाने परस्परांना खोडतातच असे नाही. एका माणसावर काही क्षणांत पाच-सहा जण झेपावले. प्रत्येकाने ‘मी पकडले’ म्हणणे खरे असू शकते. खोटी ठरते ती ‘मीच पकडले’ ही भर. परदेशी वार्ताहराच्या नजरेत गोरा माणूस चटकन भरला, आणि आपल्या माणसांच्या नजरेत आपला माळी भरला. पाहणाऱ्याची जागा म्हणजे केवळ पायाखालची जागा नव्हे.

उशिरा आलेल्या आठवणी

काळ लोटला की आठवणींचे काय होते? कोलग्रोव्ह नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. लिंकनच्या हत्येची बातमी ऐकली तेव्हा आपण कोठे होता, असे त्याने १७९ जणांना विचारले होते. तीसहून अधिक वर्षे उलटली होती, तरी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस अशा तपशिलांसह उत्तर दिले. या तपशिलांची खातरजमा करण्याचा मार्ग मात्र कोलग्रोव्हजवळ नव्हता. तो मार्ग १९८६ मध्ये मिळाला. चॅलेंजर यानाच्या स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी काही विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहवून घेतले गेले, आणि अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. ११ जणांचे एकही उत्तर पहिल्याशी जुळले नाही, आणि तरी बहुतेकांची खात्री दांडगी होती. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद दाखवल्यावरही काहींनी तो मानला नाही.

म्हणून उशिराच्या सर्व आठवणी टाकून द्याव्यात काय? लिंकनच्या हत्येचा शेवटचा साक्षीदार म्हणून सॅम्युअल सेमूर हा ९५ वर्षांचा वृद्ध फेब्रुवारी १९५६ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर आला होता. हत्येच्या वेळी तो पाच वर्षांचा होता. त्याच्या लक्षात राहिले होते ते हे की वरून एक माणूस खाली पडला आणि त्याला लागले असेल म्हणून आपणांस वाईट वाटले. तो पडलेला माणूस म्हणजे मारेकरी बूथ. राष्ट्राध्यक्षाला गोळी लागली आहे हे त्या मुलाला कळलेच नव्हते. नव्वद वर्षांनंतरची ही आठवण आम्हांस विश्वसनीय वाटते. तिच्यात सांगणाऱ्याचा मोठेपणा नाही, प्रसंगाला शोभेसे काही नाही, आणि पुस्तक वाचून ती तयार झाली असती तर तिच्यात दया लिंकनची आली असती.

याउलट १९६४ मध्ये पुण्यात काय झाले ते पाहावे. शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या सत्कारप्रसंगी ‘तरुण भारत’चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी सांगितले की गोडसेचा बेत आपणांस आधीच ठाऊक होता. सोळा वर्षांनी, अनुकूल श्रोत्यांपुढे, आपले महत्त्व वाढवणारी अशी ही आठवण. एरवी आम्ही सुचवलेल्या कसोटीवर ती हलकीच ठरली असती. पण ती सांगणाऱ्याच्या अंगलट येणारीही होती, आणि आलीच : गदारोळ उठला, केतकरांना अटक झाली, आणि पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग बसला. १९६९ मध्ये अहवाल देईपर्यंत आयोगाने शंभराच्या आसपास साक्षी घेतल्या आणि वीस वर्षांपूर्वीच्या आठवणी त्या काळातील पत्रे आणि पोलिसांचे कागद यांच्याशी ताडून पाहिल्या. उशिराच्या आठवणीला कागदाचा शेजार लागतो, हे त्या अहवालाच्या वाचनातून शिकण्याजोगे आहे.

आमच्या घरीही अशी एक आठवण आहे. ती साक्ष नव्हे, बातमी ऐकल्याची आठवण. जानेवारी १९४८ मध्ये आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि बार्शी इंग्रजांनी नुकत्याच सोडलेल्या मुलखात. आजोबा करोडगिरीच्या नाक्यावरून तुरीची पोती घेऊन बार्शीच्या आडतीवर सकाळी पोचले, तर बाजार बंद. आम्ही लहान असताना ते सांगत की आडत्याच्या मुनिमाने त्यांना बातमी सांगितली. उतारवयात ते सांगू लागले की त्यांनी तेथे रेडिओवर खुद्द नेहरूंचा आवाज ऐकला. नेहरूंचे ते भाषण आदल्या रात्रीचे. सकाळी पोचलेल्या माणसाने ते त्या वेळी ऐकणे शक्य नव्हते. ते त्यांनी पुढे कधीतरी ऐकले आणि योग्य जागी बसवून घेतले असावे. पण दोन्ही पाठांत एक वाक्य कायम होते. बाजार बंद पाहून, कोण गेले हे कळण्याआधी, ते चिडून म्हणाले होते, “कुणाला मरायला आजच मुहूर्त घावला?” हे सांगताना ते दरवेळी थांबत. नेहरूंचा आवाज आम्ही वजा करतो. ते वाक्य आम्ही ठेवतो. आपल्या लाजेची गोष्ट माणूस उगाच रचत नाही.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आज एखाद्या विद्यार्थ्याला ३० जानेवारीविषयी विचारले तर दोनपैकी एक उत्तर येते. एक म्हणजे समाधीवर कोरलेले सगळे जसेच्या तसे घडले. दुसरे म्हणजे साक्षीदारांचे एकमेकांशी पटत नाही, तेव्हा खरे काय कोणास ठाऊक. दुसरे उत्तर चिकित्सक वाटते, पण तेच अधिक आळशी आहे. आणि ज्यांना त्या दिवशीची जबाबदारी पुसट व्हावी असे वाटते त्यांच्या ते फार सोयीचे आहे. गोळ्या तीन, पिस्तूल एक, झाडणारा एक आणि तो जागीच पकडला गेलेला, हे साक्षींच्या सर्व पाठभेदांतून शाबूत राहते. शेवटचा शब्द, पहिली झेप, घड्याळाचे मिनिट हे काठावरचे तपशील हलतात. काठ हलतो म्हणून गाभा हलत नाही, आणि गाभा पक्का आहे म्हणून काठावर खोटी खात्री दाखवण्याचेही कारण नाही. एवढा भेद करता आला, तर पोथ्यांवर घालवलेली आपली वर्षे इतिहासाच्याही उपयोगी पडली असे म्हणता येईल.